चिंधी बांधलेलं बोट

त्या वर्षी माझं पोस्टिंग राजस्थानात होतं. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये हवालदार, नर्सिंग असिस्टंट. सकाळी सहाला कुकहाऊसची तपासणी असायची. कुक रांगेत उभे राहायचे आणि हात पुढे करायचे. नखं, बोटं, जखम, सगळं पाहायचो. एका लान्स नायकाच्या अंगठ्यावर पू दिसला.

"रिपोर्ट सिक. कुकहाऊसबाहेर."

"हवालदारसाब, छोटीशी फुंसी है."

"बाहेर."

तो गेला. दोन वाक्यांत विषय संपला.

मे महिन्यात वीस दिवसांची रजा मिळाली. आमचं गाव नरडाण्याच्या पलीकडे, कोरडवाहू शेतीचं. घरात माय, थोरले भाऊ नाना, वहिनी आणि त्यांची मुलगी. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा मी सहावीत होतो. त्यांच्या हातचं खाऊन मी भरतीला गेलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी तांदळाची खीर केली. सकाळी त्यांना शेतात जायचं होतं म्हणून आदल्या दिवशीच. खीर निवल्यावर त्या भाताच्या गुठळ्या हाताने मोडत होत्या. उजव्या तर्जनीला चिंधी होती. विळ्याने कापलं होतं. चिंधीच्या कडेला पिवळं दिसलं.

मी पाहिलं आणि गप्प बसलो. कुकला बाहेर काढता येतं. वहिनींना काय म्हणणार?

पातेलं रात्रभर चुलीजवळ राहिलं. घरात फ्रिज नव्हता. दुपारी साडेबाराला वहिनींनी खीर पुन्हा चांगली उकळली आणि आम्ही चौघं जेवलो; वहिनींच्या वाट्याला ती उरली नाही.

तीन वाजता पुतणीला उलटी झाली. सव्वातीनला नानांना, मग मला. साडेतीनला मायला उलट्या-जुलाब सुरू झाले; ती अंगणातच बसली. ताप कुणालाच नव्हता. बाहेर ऊन भाजत होतं. मी मीठ-साखरेचं पाणी केलं.

"माय, एक घोट ले."

"नही उतरस, बापू."

चार वाजता तिची नाडी एकशे तीस. साडेचारला मनगटात लागेना. शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये गादी टाकली. दवाखान्यात पोचायला पाऊण तास लागला. सलाईन लगेच लावलं. नाना आणि पुतणी संध्याकाळपर्यंत सावरले. मायचं वय अडुसष्ट. तिचं शरीर सावरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीसला ती गेली.

दहाव्याच्या दिवशी वहिनींनी मला गोठ्याजवळ थांबवलं. बोटाची चिंधी निघाली होती.

"भाऊ, मना हातनं व्हयनं का हाई? मी तं खीर उकळेल व्हती."

बोटातल्या पुवातले जंतू दुधात वाढतात आणि विष सोडतात. उकळल्याने जंतू मरतात, विष राहतं. हे मी जवानांना शिकवत होतो.

"नही, वहिनी. तिले ऊन लागनं," मी म्हणालो.

त्यानंतर दोन वर्षं वहिनींनी खीर केली नाही. कुणी कारण विचारलं नाही. दोन वर्षांनी रजेवर आलो तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं.

"तुमनं बोट मी देखेल व्हतं. मी काही बोलनू नही. तुमले माहीत नव्हतं. मले माहीत व्हतं."

त्यांनी एवढंच विचारलं,

"मंग तवयच का नही सांगं?"

 

सतरा वर्षांच्या नोकरीत माझ्या युनिटने तीन माणसं गमावली. तिघांची नावं मी घेतो. त्यांच्यानंतर मायचं नाव मनात घेतो, सोनाबाई. घरातले सगळे जेवून उठल्याशिवाय ती कधी पान वाढून घेत नसे. त्या दुपारी ती नको नको म्हणत असताना मीच तिला आमच्याबरोबर बसवलं, आणि खिरीची पहिली वाटी तिच्या हातात दिली.