कोरड्या हवेतले मोजमाप

सुनंदा गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, लोणावळ्यातल्या तुंगार्लीत, भाड्याच्या खोलीत वारली. हृदयविकाराचा झटका. घरमालकिणीने मला कळवले, कारण सुनंदाच्या मोबाइलवर शेवटचा नंबर माझा होता.

वडगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी वर्तमानपत्रात गेले, ती पदार्थविज्ञानात. तिचे काम डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांचे होते. पातळ पापुद्र्याला नॅनोमीटर मापाची छिद्रे; एका बाजूला खारे पाणी, दुसऱ्या बाजूला गोडे. छिद्रांच्या भिंतींवर ऋणभार असतो. त्यामुळे मिठातले बहुतांशी धनभारित कणच पलीकडे जातात आणि बाहेरच्या तारेत थोडी वीज मिळते. इंदुरीला शेती करणारे तिचे थोरले भाऊ, दादा, तिला डिवचायचे, "सुनंदे, नदीत गोणीभर मीठ टाकू का? चालंल का मोटार?"

"दादा, तुज्या मोटारीला अख्खा समुद्र लागंल."

तिच्या शोधनिबंधाचे कौतुक झाले. मग एका उन्हाळ्यात तिने तेच प्रयोग पुन्हा केले आणि वीज फारच कमी भरली. आधीची सगळी मापने लोणावळ्याच्या पावसाळ्यातली होती. दमट हवेत उपकरणाच्या काचेवर ओलीचा थर धरायचा आणि बराचसा प्रवाह छिद्रांना वळसा घालून त्या थरावरून जायचा. निबंध तिने स्वतःहून मागे घेतला. "उन्हाळ्यात मोजायला तुला सांगितलं होतं कुणी?" एक सहकारी म्हणाला. हे मला सांगताना ती हसली. त्यानंतर तिला कोणाचे फोन येईनात. तिच्या संशोधन संस्थेने कंत्राट वाढवले नाही.

मोडीत निघालेली उपकरणे घेऊन तिने खोलीतच मांडणी केली, हवा कोरडी ठेवणारे यंत्र आणले. थोडा प्रवाह तरीही उरला. पाण्याची आम्लता बदलली की भिंतींवरचा भार बदलायचा, आणि त्याबरोबर प्रवाहही. म्हणजे हा छिद्रांतलाच, असे तिचे मत होते. "पण मी म्हणून काय उपयोग? आता दुसऱ्या कुणीतरी मोजायला हवं." जुन्या सहकाऱ्यांना तिने पुन्हा पुन्हा बोलावले. जायचे ते मी, चहाला. मला मोजता येत नव्हते.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या स्मरणविधीच्या, दिवशी तोच सहकारी आला. दादांनी त्याला मांडणी दाखवली. "सवड काढून मोजायला येतो. तोवर यंत्र बंद करू नका," तो म्हणाला.

दादांनी खोली सोडलेली नाही. दिवसाआड ते इंदुरीहून येतात आणि यंत्रात हवेतून साचलेले पाणी मोरीत ओततात. परवा मी सोबत होते. "लय पानी निघतंय अजून," ते म्हणाले.

सहकारी अद्याप आलेला नाही.