धाकटीची हनुवटी

धाकटीच्या हातात दोरा आला की गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर एक केस उरेल तर शपथ! पार्लर मावशीचं, पण बायका विचारत येत धाकटीलाच. तोंडही तसंच. "हलू नका हं, नाहीतर भुवईऐवजी नाक कोरेन."

अशा या बोलघेवडीला एक दिवस लघवीच होईना. पोट तट्ट फुगलेलं आणि बाहेर थेंब नाही. आईने नळ सोडून ठेवला, ताईने दाराबाहेरून शिट्ट्या मारल्या. छे! दवाखान्यात नळी घातली तेव्हा कुठे जिवात जीव आला. घरी सोडताना तिथले डॉक्टर म्हणाले, "मनातलं आहे हे. टेन्शन घेऊ नका." पुन्हा तसंच झालं, पुन्हा तेच ऐकवलं. मग आईही म्हणायला लागली, "जरा मन रमव बाई." कसलं डोंबलाचं मन! मन मजेत होतं, तुंबलं होतं ते भलतंच. नळी एक वेळ परवडली, पण आईलाही आपलं खरं वाटू नये, याचं धाकटीला फार लागलं.

शेवटी ताईने तिला दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

"पाळी वेळेवर येते?"

"येते कधीतरी. तिची मर्जी."

"हनुवटीवर राठ केस?"

"छे छे!"

रोज पार्लर उघडण्याआधी धाकटी आरशासमोर स्वतःची हनुवटी साफ करायची. ताईलाही पत्ता नव्हता. दुसऱ्यांचे केस काढणारीलाच दाढी, हे गिऱ्हाइकांना कळलं तर झालंच कल्याण! बाईंनी मान डोलावून पुढचा प्रश्न विचारला. आपणच लपवलं तर हिला तरी कसं कळणार? आता हीही म्हणणार, मनातलं.

"खोटं बोलले," ती डोळे घट्ट मिटून म्हणाली. "दाढी येते मला. हात चांगला आहे म्हणून दिसत नाही."

ताईने आ वासला. मग तपासण्या झाल्या. अंडाशयात बारीक गाठी निघाल्या, हार्मोन्सचा घोळ निघाला, आणि लघवीच्या वाटेचा स्नायू सैल पडायच्या वेळीच आवळून बसतो, हेही कळलं.

"काही तरुण मुलींमध्ये हे दोन्ही एकत्र दिसतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "का, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. उपाय आहेत. तोवर नळी स्वतःची स्वतः घालायला नर्स शिकवेल. पण हे मनातलं नाही."

"परत म्हणा."

"मनातलं नाही."

धाकटी घळाघळा रडत हसली आणि पर्समध्ये फोन शोधू लागली. "थांबा, आईला लावते. तिलाही सांगा."