पोरीनंच सांगितलं, दुखत नाही

जबलपूरच्या सदर बाजारात येऊन तुम्ही भाऊराव गजभिये कुठं राहतात म्हणून विचाराल, तर पानवालासुद्धा मान हलवेल. कोच साब म्हणा, तो दुकान सोडून घरापर्यंत आणून देईल. हा कोच साब म्हणजे आमचा दादा. कुठल्या मोठ्या टीमचा कोच-बिच तो कधीच नव्हता. फॅक्टरीत लेथ मशीनवर काम करायचा, सुटी झाली की सायकल घराकडे न वळवता मैदानाकडे वळवायचा, आणि मोहल्ल्यातल्या पोरींना फुकटात हॉकी शिकवायचा. गळ्यात पितळेची शिटी. ती अंघोळीपुरती उतरायची. एकदा पनागरहून येणाऱ्या भाजीवालीनं वजनात मारलं, तर यानं भर बाजारात शिटी फुंकली आणि हात वर करून फाउल दिला! मी शेजारी पिशवी धरून उभी. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मी त्याची धाकटी बहीण, सत्यवती. टेलिफोन खात्यात नोकरी केली, लग्न केलं नाही. शेवंता वहिनी गेली तेव्हा तिची विनीता चालायला लागली होती. तिला मी वाढवलं. म्हणून या घराविषयी बोलायचा मला हक्क आहे, आणि चिडायचासुद्धा.

आमचे वडील भंडाऱ्याकडून पोट भरायला जबलपूरला आले. छावणीत फौजेच्या टीमा खेळायच्या आणि दादा लहानपणी तारेच्या कुंपणाला लटकून पाहायचा. शर्ट फाटायचा, आईचा मार खायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंपणावर. पुढं फॅक्टरीच्या टीममधून खेळला. त्याहून वरच्या टीमसाठी नाव गेलं होतं म्हणतात, पण कटलं. काहून कटलं, ते तो दर वेळी वेगळं सांगतो. एक मात्र खरं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच किडा होता. या घरातून कोणीतरी देशाकडून खेळलं पाहिजे.

आणि विनीता खेळायची हो! घरची म्हणून सांगत नाही. स्टिकला बॉल लागला की पोट्टी कोणाच्या बापाला सापडायची नाही. सतरा वर्षांची झाली तेव्हा भारताच्या कॅम्पसाठी पोरी निवडायला सिलेक्टर आले, राइट टाउनच्या मैदानावर मॅच ठेवली होती. मी तेव्हा खात्याच्या ट्रेनिंगला भोपाळला होते. आदल्या संध्याकाळी सरावात हिचा गुडघा मुरगळला होता. हिनं कोणाला सांगितलं नाही, मोजा गुडघ्यावर ओढून आत पट्टी बांधली आणि गेली. मैदानावर दादानं सगळ्यांसमोर विचारलं, "दुखते का?" ही म्हणाली, "नाही बाबा." दुसऱ्या हाफात पळता पळता पाय वळला तो वळलाच. स्ट्रेचरवर आणलं. डॉक्टर म्हणाले, सूज तर आधीची दिसते, मग हिला खेळवलं कसं? तेव्हा दादा पहिल्यांदा ते वाक्य बोलला.

"पोरीनंच सांगितलं, दुखत नाही."

त्या वाक्यावर आमचं घर इतकी वर्षं चाललं, बापा. नातेवाईक भेटायला आले, त्यांना तेच. फॅक्टरीतले दोस्त आले, त्यांना तेच. पुढं विनीताला पाहायला पाहुणे आले, त्यांनी पायाचं विचारलं, तेव्हाही दादानं तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली, "चूक माझीच होती, मी खोटं बोलले." पाहुणे उठून गेले. एकाच नव्हे, तीन घरचे गेले. मग तिनंच लग्न नको म्हणून सांगितलं.

आता ती राइट टाउनला एका शाळेच्या ऑफिसात आहे. स्कूटीवर जाते, जिना एकेक पाय टेकवत चढते. पायाचं दुखणं एक वेळ परवडलं. पण या पोरीला सवय लागली ती वेगळीच. दूध उतू गेलं, "माझंच चुकलं." नळाला पाणी नाही आलं, "मीच भरून ठेवायला पाहिजे होतं." शाळेत कोणाच्या हातून कागद हरवला, तरी ही कबूल होऊन यायची. मी ओरडायची, "अवं, जगातल्या सगळ्या चुकांचा ठेका घेतला का तू?" ती हसायची. ते हसणं मला पाहवत नव्हतं.

हॉकी मात्र घरातून गेली नाही. दादा रिटायर झाला, मैदान सुटलं, पण टीव्हीवर मॅच असली की आमची पुढची खोली म्हणजे स्टेडियम. शेजारचे बाबाराव यायचे, रेल्वेत गार्ड होते. स्टेशनरीचं दुकान असलेले नेमाजी यायचे. आणखी दोघं-चौघं दारात. सगळ्यांना भारतीय टीमच्या कोचपेक्षा जास्त अक्कल, आणि सगळ्यांत जास्त दादाला. ट्रेमधले कप मांडून तो डाव समजावून सांगायचा. साखरेचा डबा गोलकीपर. एकदा तर माझा गरम चहाच पेनल्टी कॉर्नर घ्यायला गेला! विनीता त्या खोलीत पाय ठेवत नसे. चहा करायची आणि ट्रे दारातूनच माझ्या हातात द्यायची.

एके वर्षी भारताच्या पोरींची टीम परदेशात मोठ्या स्पर्धेला गेली होती. पहिली मॅच हरली, दुसरी कशीबशी बरोबरीत सुटली, आणि कोचचे वाभाडे निघायला सुरुवात झाली. परदेशी कोच, पगार भरमसाट, म्हणून राग दुप्पट. बाबाराव म्हणायचे, "याले आपल्या पोरींची नावं तरी येतात का?" नेमाजी म्हणायचे, "अरे, इससे अच्छा तो हमारे कोच साब को भेज देते!" दादा शिटीशी चाळा करत "नाही, नाही" म्हणायचा. आतून फुलून यायचा.

तिसरी मॅच संध्याकाळी होती. खेळ अर्ध्यावर आला आणि दादा एकदम पुढं सरकला.

"ती चार नंबरची पोरगी पाहा. उजव्या पायावर वजन देऊन नाही राहिली."

टीव्हीवाल्यांना काही दिसलं नव्हतं. पण दादाला दिसलं. थोड्या वेळानं आम्हालाही दिसायला लागलं. बॉल थांबला की पोरगी मांडीवर हात ठेवून वाकायची, वळायची वेळ आली की आधी डावा पाय टाकायची. बेंचवर ताज्या पोरी बसलेल्या. दादा उभा राहिला, खोलीभर फिरायला लागला. "काढ तिले! अबे, बाहेर काढ तिले! पाय जाईल पोरीचा!" त्यानं शिटी तोंडात धरली आणि खरंच फुंकली. दारातले पोट्टे दचकले.

शेवटच्या क्वार्टरमध्ये ती पोरगी पडली. कोणी धक्का दिला नाही, काही नाही. वळली आणि पडली. स्ट्रेचर आलं. मॅच तर गेलीच. मग त्या कोचला कोणीतरी माइकसमोर धरलं. तो इंग्रजीत बोलला, खाली हिंदीत पट्टी आली. खिलाडी ने खुद कहा था कि दर्द नहीं है.

मी दादाकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा चूप बसेल. कसचं काय!

"खिलाडीनं म्हटलं!" तो कडाडला. "अरे, खिलाडी तर म्हणनच! टीममधून नाव जाईल म्हणून पोरगी मेली तरी सांगणार नाही. तिचं वयच तसं. मग कोचचे डोळे कायले असतात? चालण्यावरून समजते, उभं राहण्यावरून समजते. ज्याले दिसलं नाही तो आंधळा, आणि दिसून ज्यानं खेळवलं तो कसाई!"

"वाह, कोच साब!" नेमाजींनी टाळी दिली.

विनीता ट्रे घेऊन दारात उभी होती. मी हात पुढं केला, पण तिनं ट्रे दिला नाही. ती आत आली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मॅचच्या वेळी त्या खोलीत आली. ट्रे टेबलावर ठेवला, कप सरळ केले.

"बाबा, माझा गुडघा दिसला होता का तुम्हाले?"

"काय?"

"त्या दिवशी मी म्हटलं, दुखत नाही. तुम्हाले दिसलं होतं का?"

बाबाराव ट्रेमधल्या कपांकडे पाहायला लागले. नेमाजींना अचानक दुकान आठवलं. "अच्छा, चलते हैं," म्हणत उठले आणि त्यांच्यामागं सगळेच गेले.

"ते वेगळं होतं," दादा म्हणाला.

"काय वेगळं होतं?"

"तूच म्हटलं होतं नं. सगळ्यांसमोर विचारलं होतं मी."

"मी तर म्हणनच," विनीता म्हणाली. "तुम्हीच आता सांगितलं."

दादानं टीव्ही बंद केला आणि अंगणात जाऊन बसला. मी त्याच्यामागं गेले. माझ्या अंगाची नुसती लाही झाली होती. म्हटलं, "दादा, हो म्हण नाहीतर नाही म्हण. एक काहीतरी बोल तिच्याशी." तो म्हणाला, "जेवायला वाढ." मी म्हटलं, "हात आहेत नं? घे वाढून." जन्मात पहिल्यांदा मी त्याला असं बोलले, आणि मला काही वाईट वाटलं नाही.

विनीता पलंगावर पाय लांब करून बसली होती. गुडघ्यावर हात. म्हणाली, "आत्या, मी रोज स्वतःले शिव्या दिल्या. वाटे, एक शब्द खरा बोलले असते तर सगळं वेगळं झालं असतं. बाबांचं स्वप्न मी मोडलं, असं वाटे. त्यांची माफीसुद्धा मागितली मी. आणि त्यांनी ती घेतली." मग ती रडली. दवाखान्यात रडली नव्हती, पाहुणे उठून गेले तेव्हा रडली नव्हती. त्या दिवशी पोटभर रडली. मीही रडले, आणि रडता रडता दादाला दहा शिव्या दिल्या.

पुढचे दिवस घरात तिघंजण आणि आवाज फक्त भांड्यांचा. ती लवकर जेवून निघून जायची, तो ती गेल्यावर ताट घ्यायचा. बाबाराव एकदा डोकावून गेले, पण शेवटची मॅच आमच्याकडे कोणी पाहिली नाही. दादानंही नाही. शेजारून ओरडणं ऐकू येत होतं, त्यावरून समजलं, टीम हरली आणि स्पर्धेतून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोहल्ल्यातल्या पोरांनी कोचचा पुतळा बनवला. पेंढा भरलेला फाटका ट्रॅकसूट, डोक्याला मडकं, त्यावर कोळशानं मिशा. त्या कोचला मिशा होत्या की नाही, ते कोणी पाहिलं? घोषणा देत देत मिरवणूक आमच्याच दारासमोर थांबली. पुढं नेमाजी. "कोच साब, माचिस आपके हाथ से लगेगी!"

दादा बाहेर आला. मी खिडकीत होते. विनीता नुकतीच शाळेतून आली होती, स्कूटी लावून ओट्याजवळ उभी होती. दादानं काडेपेटी घेतली नाही. तो पुतळ्याजवळ गेला, गळ्यातली शिटी काढली आणि मडक्यावरून घालून पुतळ्याच्या गळ्यात अडकवली. दोरी मिशांना अडली तर नीट सरळ केली.

"कोच साब, ये तो आपकी है," एक पोरगा म्हणाला.

"मालूम है."

पोरं हसली, त्यांना गंमत वाटली. मग दादा वळला आणि ओट्याकडे पाहत बोलला. मराठीत बोलला. गर्दी सगळी हिंदी बोलणारी, कोणाला काय समजणार? समजलं ते आम्हाला तिघांना, विनीताला, मला आणि मागं उभ्या असलेल्या बाबारावांना.

"दिसलं होतं मले. पहिल्या हाफातच दिसलं होतं. सिलेक्टर समोर बसले होते, म्हणून नाही काढलं तुले."

धावत जाऊन विनीतानं बापाच्या गळ्यात हात टाकले, असं काहीही झालं नाही. तिनं फक्त त्याच्याकडे पाहिलं, चांगला वेळ लावून पाहिलं. तेवढ्यात कोणीतरी काडी लावली. पेंढा वाळलेला, भडकन पेटला. पोरं नाचायला लागली. विनीता ओट्याच्या पायऱ्या एकेक पाय टेकवत चढली आणि घरात गेली. दादा जाळासमोर उभाच. बाबारावांनी त्याचा दंड धरून त्याला मागं ओढलं, नाहीतर त्याचे कपडे होरपळले असते.

सकाळी रस्त्यावर राख होती आणि राखेत काळी पडलेली शिटी. झाडणारी आली, तिनं विचारलं, "किसकी है?" कोणी माझी म्हणून पुढं आलं नाही. ती घेऊन गेली.

मी दूध गॅसवर ठेवून बाहेर तेच पाहत उभी होते. दादा खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता, रात्रीपासून जेवला नव्हता. विनीता तिच्या खोलीत निघायची तयारी करत होती. आतून जळका वास आला. मी धावत गेले, तर दूध स्वयंपाकाच्या ओट्यावरून खाली फरशीपर्यंत आलेलं. विनीता फडकं घेऊन पुसत होती. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. आता ही नेहमीसारखं "माझंच चुकलं" म्हणेल, असंच वाटलं मला.

"आत्या," ती मान वर न करता म्हणाली, "गॅस तूच मोठा ठेवून गेली होती."

"हो वं माय," मी म्हटलं. "मीच ठेवला होता."