गुलाबी हेल्मेट

माझी धाकटी मावशी लिफ्ट दुरुस्त करते. कुणी गोड हसून नमस्कार केला की ती आधी त्याच्या हातात काय आहे ते बघते. सगळ्या पुरुषांत एकटीने इतकी वर्षं नोकरी केल्यावर दुसरं काय होणार?

एक दिवस मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, "या ताई, बसा."

एरवी त्याच्या तोंडी 'ए, इकडे ये' असायचं. मावशी उभीच राहिली.

"मुली तंत्रज्ञानाकडे वळत नाहीत हो. त्यांच्यासमोर एखादा आदर्श हवा. तुम्ही शाळेत जा, चार शब्द बोला. पोस्टरही लावू तुमचं."

"मीच का?"

"आपल्याकडे दुसरी आहे कोण?"

संध्याकाळी मावशी आजीला म्हणाली, "आई, पाणी कुठेतरी मुरतंय."

"मुरू दे," भाजी निवडता निवडता आजी म्हणाली. "तू फक्त कशावर सही करू नकोस."

फोटोच्या दिवशी तिला कोरं करकरीत गुलाबी हेल्मेट दिलं.

"हे माझंच का? मग उद्या कामावर घालते."

"छे छे, खराब होईल!" फोटोवाला म्हणाला. मावशीचा संशय पक्का झाला.

शाळेत तिने ऑफिसने लिहून दिलेला कागद वाचायला घेतला. 'मुलींनो, आकाश तुमचंच आहे' इथपर्यंत आली, तेवढ्यात मागच्या बाकावरून हाताची घडी घातलेली एक मुलगी उठली.

"हे तुम्ही लिहिलंय?"

मुख्याध्यापिकांनी डोळे वटारले, पण मावशी म्हणाली, "नाही."

"मागे एक कॉम्प्युटरवाल्या बाई आल्या होत्या. कधीही फोन करा म्हणाल्या. आम्ही केला, तर उचललाच नाही. तुमच्याकडे लिफ्टचं काम करणाऱ्या आणखी किती बायका आहेत?"

"मी एकटीच."

"मग आम्हाला घेणारच नसतील, तर बोलावताय कशाला?"

"फार लागलं गं ते," मावशी मला नंतर म्हणाली. "आजवर मी जगावर संशय घेत आले. माझ्यावर कुणी घेतला, तो पहिल्यांदाच."

तिने कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि मुलींना खरं काय ते सांगितलं. नवी असताना ती लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरली होती, तेव्हा सोबतच्यांनी मजा म्हणून दिवा घालवला होता. ती अंधारात भिंतीला हात टेकून रडली. दिवा लागल्यावर डोळे पुसून काम संपवलं, आणि त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही. "घेतील की नाही, ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "विचारून सांगते." आणि फळ्यावर स्वतःचा नंबर लिहिला.

घरी पोचते न पोचते तोच फोन वाजला.

"हॅलो, कोण?"

"काही नाही. नंबर खरा आहे का बघत होते." फोन बंद. मावशी हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी ती मॅनेजरसमोर उभी राहिली. "मुलींना मशीन रूम दाखवायचीय. आणि शिकाऊ म्हणून मुली घेणार का, तेही सांगा."

"बघू."

"बघू म्हणजे नाही का?"

"तसं नाही हो ताई..."

"मग तारीख सांगा. नाहीतर ऑफिसच्या दारावर लावलेलं माझं पोस्टर मीच काढते."

पोस्टर पाहायला बडे साहेब येणार होते. तारीख लगेच मिळाली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'वरून येईल' यावरच अडलं. मावशी दर महिन्याला विचारत राहिली.

ठरल्या दिवशी मुली आल्या. मशीन रूममध्ये मोटर घरघरू लागली, तार ताणली गेली. बाकीच्या मुली मागे सरकल्या. ती शंकेखोर मात्र पुढे वाकली. "ही खरंच कुणाला तरी वर नेतेय, की आमच्यासाठी चालू केलीय?"

"जा, खाली जाऊन बघून ये."

ती खरंच जिने उतरून बघून आली. मग म्हणाली, "आता थांबवून दाखवा."

शाळा संपल्यावर तिने अर्ज केला. तोवर कंपनीने शिकाऊ म्हणून मुली घ्यायचं ठरवलं होतं. घेतली मात्र ती एकच.

मावशीला आजही वाटतं, की साहेबांना पोस्टरवर नवा चेहरा हवा होता, म्हणूनच तिला घेतलं. "असेना का," ती म्हणते. "आत तर आलीय ना!"

आता दुपारी दोघी वर्कशॉपच्या पायरीवर डबा उघडतात, काहीतरी कुजबुजतात आणि खळखळून हसतात. पलीकडच्या बाकावरचे पुरुष जेवता जेवता थांबतात आणि एकमेकांना विचारतात, "आपल्याबद्दलच बोलताहेत का रे?"