सखाराम काकांचा एक्झिट इंटरव्ह्यू

गेल्या गुरुवारी मी आयुष्यात पहिल्यांदा खरा एक्झिट इंटरव्ह्यू घेतला... आणि मी सात वर्षं एचआरमध्ये आहे, बरं का!

महाडच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. नोकरी सोडणारा माणूस समोर बसतो, मी फॉर्म भरते. सोडण्याचं कारण? 'घरगुती.' काही तक्रार? 'नाय.' ज्याचं अन्न खाल्लं त्याला जाताना नावं ठेवायची नाहीत, ही इकडची रीत. मला हे ठाऊक, तरी मी तेच प्रश्न विचारत राहिले. माझीच कमाल!

गुरुवारी आमचा बॉयलर सांभाळणारे सखाराम काका आले. पोलादपूरच्या वरच्या वाडीतले, एकोणीस वर्षांची नोकरी. त्यांचंही तेच... घरगुती, नाय, नाय. मी वैतागून पेन ठेवलं आणि सहज विचारलं, "काका, सोमवारी तुमच्या जागी नवा माणूस येतोय. त्याला काय सांगाल?"

काका उठलेच. "हितं बसून नाय सांगता यायचं. चला."

पुढचा दीड तास मी हेल्मेट घालून नुसती आ वासून बघत होते, देवाशपथ. पंपावर तळवा ठेवून काका सांगत होते, कुठली थरथर नेहमीची आणि कुठली नाही. सावित्री नदीला गढूळ पाणी आलं की कुठली जाळी दिवसातून चारदा धुवायची. यातलं एक अक्षर कुठे लिहिलेलं नव्हतं... मी भराभर वहीत उतरवत सुटले.

मग बॉयलरात पाणी किती आहे ते दाखवणारी काच आली. मी वाकून बघायला हात टेकणार, तोच ओरडले, "हात मागं घे गो! भाजशील!" मॅडम-बिडम सगळं गेलं उडत.

"हिच्यावर भरवसा नाय ठेवायचा. गाळ अडकला की बॉयलरात पाणी नसताना पण काचेत दिसतं, नि कोरडा बॉयलर फुटतो. दर तासाला हा खालचा कॉक उघडून गाळ सोडायचा, नि पाणी परत चढतं का बघायचं. आणि मॅडम... त्या नव्याला एकट्याला नका ठेवू."

हळूहळू कळलं. मध्यंतरी सेकंड शिफ्टला काकांना इथेच चक्कर आली, अर्धा तास एकटेच पडून होते. शुद्धीवर आले ते सरपटत आधी काचेकडे गेले! जोडीला माणूस द्या म्हणून सुपरवायझरला तीनदा सांगितलं, कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी काकूंनी हात जोडले, पुरे आता.

"मला का नाही सांगितलंत?"

"माझ्यासाठी परत परत काय मागायचं? पण नव्याला काय म्हाईत हाय?"

मी वही मिटली. तशीच प्लांट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि वही पुढे ठेवली. जोडीदार मिळाल्याशिवाय नव्या माणसाचं जॉइनिंग करणार नाही म्हटलं... आवाज जरा चढलाच माझा. साहेबांनी वही दोनदा वाचली, मग स्वतः खाली जाऊन काच बघून आले. दुसऱ्या डिपार्टमेंटचा एक ऑपरेटर जोडीला द्यायची ऑर्डर त्याच दिवशी निघाली.

सोमवारी सकाळी गेटवर बघते तर सखाराम काका! नोकरी शनिवारीच संपलेली. पोलादपूरहून पहिल्या एसटीने आलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. "दोघांना नीट दाखवतो नि जातो," म्हणाले. संध्याकाळपर्यंत बॉयलरपाशी उभे होते.

एवढा मोठा माणूस रोज आमच्या गेटमधून ये-जा करत होता, आणि मला त्यांचा फक्त टोकन नंबर माहीत होता... काका, तुमच्या पाया पडायचं राहून गेलं. रविवारी वाडीवर येतेय.