मामांकडे ठेवलेला घोडा

मामीचा फोन आला तेव्हा तामिळनाडूत, होसूरला कंपनीत जेवायच्या सुट्टीत मी डबा उघडत होते. "तुहे मामा गेले वं," एवढंच म्हणाली. दोन गाड्या बदलून अकोल्याला, जठारपेठेतल्या घरी पोचले तोवर सगळं उरकलं होतं...

सुधाकरमामांनी जन्मभर मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागांची दलाली केली. नववीतून शाळा सोडून मी त्यांच्याकडे राहायला आले आणि दिवसभर मोबाइलवर गेम खेळायचे. खेळात मिळवलेल्या तलवारी, चिलखतं दुसऱ्या खेळणाऱ्यांना खऱ्या पैशांत विकायचे. एकदा एक पोरगा तलवार घेऊन पैसे न देताच गायब झाला. मी रडत बसले. मामा रागावले नाहीत. "आमी झाडावरचा माल इकतो पोरी. तोडाच्या आंधी सौदा होते. मधात एक मानूस लागते फक्त."

मग माझ्याकडूनच त्यांनी गेममध्ये स्वतःचं खातं उघडून घेतलं. विकणाऱ्यानं वस्तू मामांकडे ठेवायची, पैसे पोचले की मामा ती घेणाऱ्याला देणार. दलाली नाही. चष्मा कपाळावर चढवून तलवारसुद्धा न्याहाळायचे, "डाग गिग नाही ना?" हळूहळू अकोल्या-अमरावतीची पोरं "मामाकडं ठेव" म्हणू लागली. त्याच विक्रीच्या पैशांवर मी नोकरीसाठी होसूरला आले, खोली घेतली. हे त्यांना नीट सांगायचं राहूनच गेलं.

तेरवीनंतर, गेममधला एक घोडा विकत घेतलेल्या अमरावतीच्या नीलेशचा फोन आला. चाचरत म्हणाला, "ताई, राग नका मानू... पैसे देले होते मी. घोडा मामाकडंच राह्यला." पासवर्ड मला ठाऊक होता, पण गेलेल्या माणसाचं खातं उघडावं का, कळेना. मामीला विचारलं. "त्याईच्या वस्तूले हात लावू वाटत नाही," ती म्हणाली, "पन लोकाचा घोडा बांधून ठेवनं बरं नाही. देऊन टाक."

काल दिला. पण खातं उघडताच मामांच्या नावापुढे ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका लागला आणि खेळणाऱ्या पोरांना वाटलं, मामा आले. मेसेज येऊ लागले, "कुठं होते मामा?" "तब्येत बरी हाय ना?" काय लिहू? लिहीन ते मामांच्याच नावानं जाणार. 'मामा गेले' हे मामांनीच कसं सांगायचं... दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. शेवटी लिहिलं, 'मी त्यांची भाची.'

लगेच एकाचं उत्तर आलं, "मंग मामाले दे ना फोन."

खातं अजून तसंच उघडं आहे.