धूर गिळणारी पेटी

नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत माझं बफिंगचं वर्कशॉप आहे. आम्ही स्टीलचे नळ घासून चकचकीत करतो आणि स्वतः काळेकुट्ट होतो. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमालाकडे बघवत नाही. त्यामुळे साडूने हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा विषय काढला, तेव्हा मी फोनवरच पाघळलो.

साडू श्रीगोंद्याचा. ऊस बरा गेला की त्याला नव्या धंद्याची उबळ येते. "पाव्हणं, लई भारी मशीन हाय," तो म्हणाला. "फिल्टरच न्हाई त्यात. धूळ आपोआप गायब!" त्याने स्वतःचे पैसे आधीच घातले होते आणि आता आणखी भागीदार गोळा करत होता. त्यासाठी रविवारी नगरच्या एका हॉटेलात प्रात्यक्षिक ठेवलं होतं.

मी माझ्या मावशीला घेऊन गेलो. मावशी मिशनच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. तिचं मत हवं म्हणून तिला नेलं, असं मी घरी सांगितलं. खरं तर तिच्याकडे निवृत्तीचे पैसे होते. ती चर्चमधून परस्पर आली, पांढऱ्या साडीत, आणि सगळ्यात पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली.

कंपनीचे मालक एप्रिलच्या उकाड्यात कोट घालून उभे होते. टेबलावर माशांच्या टाकीएवढी काचेची पेटी, वर झाकणात बसवलेलं यंत्र. साडूने मला उभं करून ओळख करून दिली, "हे आमचे साडू, धुळीतले तज्ज्ञ!" मीही फुशारून दोन शब्द बोललो. यंत्र म्हणजे क्रांती आहे, असं काहीतरी. तोवर मी ते चालताना पाहिलंही नव्हतं.

मालकांनी पेटीत अगरबत्त्यांचा धूर कोंडला आणि बटण दाबलं. आतून घूंऽ आवाज आला. तेवढ्यात चहा आला. कप रिकामे होईपर्यंत पेटी स्वच्छ झाली होती. टाळ्या पडल्या, त्यात माझ्याही.

मावशीने हात वर केला. "धूळ जाते कुठे?"

"मॅडम, आमच्या तंत्रज्ञानाने ती न्यूट्रल होते."

"बरं. न्यूट्रल होऊन बसते कुठे?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मालक आयन, ऊर्जा, परदेश असं बरंच बोलले. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान. आता पुन्हा धूर करा, आणि बटण न दाबता दाखवा."

"मावशी, ही काय शाळा न्हाई," साडू तिच्या कानाशी कुजबुजला.

"म्हणून तर विचारून घेतेय. शाळेत मी स्वतःच केलं असतं."

आता नाही म्हणणं कठीण होतं. पुन्हा धूर झाला. बटणाला कुणी हात लावला नाही. मावशीने मनगटावरच्या घड्याळात बघत आणखी एक चहा मागवला. हॉलमध्ये फक्त छताचा पंखा फिरत होता. वायर आत घ्यायला पेटीला मागे भोक ठेवलं होतं, त्यातून धूर निमूट बाहेर पडत राहिला. चहा संपला तेव्हा पेटी पहिल्याइतकीच स्वच्छ होती.

मावशीने बशी खाली ठेवली. "पंखा चांगला आहे हो," ती छताकडे बघत म्हणाली.

लोक एकेक करून उठले. साडू जेवणाकडे वळवू पाहत होता. जेवले सगळे, पण पैसे कुणी काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक माझ्या वर्कशॉपवर आले. कोट नव्हता. बगलेत यंत्र. "इथे लावून बघू द्या," म्हणाले. आठवडाभर ते माझ्या शेडमध्ये घूंऽ करत राहिलं आणि आमच्या नाकांत काडीचा फरक पडला नाही. शनिवारी मालक नळांच्या उलट्या क्रेटवर बसले.

"हे मी शोधलेलं नाही हो," ते म्हणाले. "मीही असंच एका हॉटेलात बघितलं. घरचा प्लॉट विकून यंत्राचे हक्क घेतले. बंद करून बघायचं डोक्यातच आलं नाही."

मी तर चालू व्हायच्या आधीच भाषण ठोकून बसलो होतो. त्यांना भेळ मागवली.

त्यांनी साडूचे पैसे हप्त्याहप्त्याने परत केले, हे त्यांचं मोठेपण. साडू मात्र अजून मावशीवरच चिडलेला आहे. ती गप्प बसली असती तर धंदा उभा राहिला असता, असं तो छाती ठोकून सांगतो. मालक आता कूलर आणि एसी दुरुस्त करतात. गेल्या उन्हाळ्यात माझ्या ऑफिसचा कूलर उघडून म्हणाले, "पंप गेलाय. बाकी काही बदलू नका, उगाच खर्च होईल." मी त्यांनाच पंप आणायला सांगितला.